अळी पोहोचण्याआधीचा नकाशा

मक्याचा पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली पानं, उलगडला की आधी दिसते ती ओलसर, भुशासारखी विष्ठा. तिच्याखाली अळी. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘Y’ अक्षरासारखी खूण, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. ही अमेरिकन लष्करी अळी.

आता नकाशा पाहा. एकेक लाल ठिपका म्हणजे कुणीतरी शेतात वाकून ही अळी ओळखली आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवले. आधी सगळे ठिपके अमेरिका खंडांत. २०१६ मध्ये ते आफ्रिकेत उमटले, २०१८ मध्ये भारतात, २०२० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात.

या ठिपक्यांखाली संगणक थर अंथरत जातो. तापमान, पाऊस, जमिनीतला ओलावा. मूळ मुलखात अळी कुठवर तग धरते, यावरून तिला काय सोसतं ते ठरवलं जातं, आणि तशी हवा आणखी कुठे आहे ते शोधलं जातं. हे काम करणारी क्लायमेक्स ही संगणक प्रणाली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडली. ती नकाशाच्या प्रत्येक चौकटीला शून्य ते शंभर गुण देते. वाढीला पोषक हवा असेल तर गुण चढतात. कडाक्याची थंडी, रखरखीत ऊन, कोरड किंवा अति ओल असेल तर कापले जातात.

नकाशावरचा हा फिकट पट्टा मात्र नीट पाहा. ही अळी सुप्तावस्थेत जात नाही, गोठवणाऱ्या थंडीत मरते. अमेरिकेत ती हिवाळा काढते फक्त दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सासमध्ये. तरी वाऱ्यावर स्वार झालेले पतंग उन्हाळ्यात थेट कॅनडा गाठतात. म्हणून गडद रंगात कायमचा मुक्काम, फिकट रंगात हंगामी धाड. फिकट पट्ट्यात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, कधी टांगायचे, ते इथूनच ठरतं.

त्यावर पिकांचा थर, मग बंदरं आणि मालवाहतुकीचे मार्ग. गडद रंग, मक्याचं क्षेत्र आणि गजबजलेलं बंदर एकत्र आलं की तपासणी तिथे आधी. आफ्रिकेत हे सगळं अळी पसरल्यावर झालं. तोवर लहान शेतकऱ्यांचा मका गेला होता.

नकाशाचा कमकुवत भाग म्हणजे या कोऱ्या जागा. तिथे अळी नाही, की कुणी पाहिलंच नाही? संगणकाला हे कळत नाही. म्हणून हा रिकामा निघालेला सापळासुद्धा तारीख आणि ठिकाणासह नोंदवला जातोय. अशा नोंदी सगळीकडून यायला हव्यात, आणि त्या देशादेशांनी एकमेकांना खुल्या करायला हव्यात.