पाठीवरचं वजन आणि पाठीतलं वजन

नमस्कार. समोर टोळ्यांचे मुकादम बसलेत, आडते बसलेत, बाजार समितीची माणसं आहेत. आणि दाराशी धान्य साफ करणाऱ्या ताई उभ्या आहेत. ताई, पुढे या, इथे जागा आहे. आजचं बोलणं तुमच्याबद्दलही आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणारा हमाल बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "मणक्यात गॅप आलाय म्हणतात." हातात एमआरआयची मोठी पिशवी, खिशात गोळ्यांचं पाकीट. काम काय करता, असं मी विचारायचे. तो म्हणायचा, हमाली. मी कागदावर 'हमाली' लिहायचे आणि उपचार सुरू करायचे. कितीतरी वर्षं मी हेच केलं. माणूस बरा व्हायचा, कामावर जायचा आणि पावसाळा संपायच्या आत परत यायचा.

इटलीतल्या मोदेना शहरात बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. १७०० साली त्यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ओझेवाल्यांवर वेगळं प्रकरण आहे. रोग्याला आपण जे प्रश्न विचारतो त्यात 'तुझा धंदा काय' हा प्रश्न घाला, असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं. मी तो विचारत होते, पण उत्तर पुरतं ऐकत नव्हते. 'हमाली' या शब्दात पोतं किती किलोचं, कुठून उचललं, कुठे ठेवलं, दिवसात किती वेळा, यातलं काहीच नसतं. म्हणून मी टेप घेऊन गाळ्यावर गेले.

पहिल्या दिवशी मी फक्त एका पोत्याचा प्रवास बघितला. ट्रकवर दोघं जण. एकानं पोत्याचे दोन कान धरले, दुसऱ्यानं बूड, आणि पोतं ओढत फाळक्याशी, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेशी आणलं. खाली तिसरा पाठ वाकवून उभा, डोक्यावरून पाठीवर गोणपाटाची खोळ. पोतं पाठीवर आलं तेव्हा त्याचा उजवा पाय एक बोटभर सरकला. जमिनीवर बाजरीचे दाणे सांडलेले होते. त्यानं तोल सावरला, दहा-बारा पावलं चालला, ओट्याची पायरी चढला आणि थप्पीपाशी खांदा तिरका करून पोतं टाकलं. त्या टाकण्यात कंबरेला जो पीळ बसला, तो मी माझ्या खोलीत बसून कधीच ओळखला नसता. मी त्याला विचारलं, सगळ्यात वाईट थर कोणता? तो लगेच म्हणाला, "पहिला आणि शेवटचा." पहिल्याला खाली वाकायचं, शेवटच्याला डोक्याच्या वर न्यायचं. धोका मोजायची सुरुवात अशीच करावी. काम करणाऱ्याला विचारावं. त्याला ते आधीच ठाऊक असतं.

आता पाठीत काय होतं ते सांगते. तुम्ही काट्यावरची माणसं, तुम्हाला चटकन कळेल. जुन्या तराजूची दांडी आठवा. कमरेचा मणका म्हणजे मधली खीळ. पुढच्या बाजूला ओझं, मागच्या बाजूला पाठीचे स्नायू. पण हे स्नायू खिळीपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. ३० किलोचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, तुम्ही ४० सेंटिमीटर पुढे धरलात, तर तोल राखायला स्नायूंना आठपट ओढावं लागतं, म्हणजे २४० किलो. वाकलेल्या धडाचं वजन निराळंच. हा सगळा भार मणक्यांमधल्या गादीवर येतो. हातात ३० किलो होतं, पाठीत कित्येक पट झालं. तोच कट्टा पोटाशी धरला तर अंतर कमी होतं आणि भार उतरतो. कट्टा तोच, माणूस तोच.

हे मोजण्यासाठी अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संशोधन संस्थेनं १९८१ मध्ये एक सूत्र तयार केलं आणि १९९१ मध्ये ते सुधारलं. एकट्या माणसानं दोन्ही हातांनी उचलण्यासाठी ते आहे. पाठीवर किंवा डोक्यावर वाहून नेण्याला, दोघांनी मिळून उचलण्याला ते लागू होत नाही. गोदामात कट्टे रचणाऱ्याला मात्र बरोबर बसतं. सगळं अगदी सोयीचं असेल तर २३ किलो उचलणं चालेल, इथून हिशोब सुरू होतो. मग प्रत्येक गैरसोयीला कात्री.

मी मोजलेला एक माणूस घेऊ. हात घोट्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे, म्हणून २३ चे झाले १४.४. कट्टा जमिनीवरून उचलायचा, हात जेमतेम १५ सेंटिमीटर उंचीवर, झाले ११.८. तिथून १४० सेंटिमीटरपर्यंत चढवायचा, १०.१. उचलताना कंबर ४५ अंश वळते, ८.६. पोत्याला मूठ नाही, धड पकड नाही, ७.८. आणि हे मिनिटाला दोनदा, दिवसभर. शेवटी उरले ५ किलो. तो उचलत होता ३०. सहापट.

आता त्याच माणसासाठी कट्टे जमिनीऐवजी ७५ सेंटिमीटर उंच फलाटावर ठेवा. तो अंगाशी धरू शकेल अशी जागा द्या, म्हणजे अंतर ३० सेंटिमीटर. वळावं लागू नये म्हणून थप्पी समोर घ्या आणि ती १०० सेंटिमीटरवर थांबवा. उत्तर येतं साधारण ११ किलो, दुपटीहून जास्त. त्या माणसाला मी एकही व्यायाम शिकवला नव्हता. अर्थात, ११ म्हणजे ३० नव्हे. फलाट बांधूनही कट्टा जडच आहे. तिथे वजन कमी करा किंवा चाकं आणा, मधला मार्ग मला दिसत नाही.

आडत्यांकडून मला नेहमी दोन सूचना येतात. एक, पोरांना बरोबर उचलायला शिकवा. दोन, कंबरपट्टे वाटतो. हेतू चांगला असतो, म्हणून मी स्पष्टच सांगते. नुसतं उचलण्याचं प्रशिक्षण दिल्यानं पाठदुखी कमी होते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. निरोगी कामगाराची इजा पट्ट्यानं टळते याला पुरेसा पुरावा नाही, हे नायॉशनंही १९९४ मध्ये सांगितलं. आणि साधा विचार करा. गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून उचला, हे भिंतीवरच्या चित्रात ठीक दिसतं. दोन थप्प्यांमध्ये दीड फुटाची फट असेल तर गुडघे वाकवायचे कुठे?

पोत्याचं वजन ठरवतं कोण, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली तेव्हा शंभर किलोची पोती पाठीवर घेणं ही रोजची गोष्ट होती. माथाडी कायदा १९६९ चा. त्यामुळे हमालांची नोंदणी करणारी माथाडी मंडळं आली, भविष्यनिर्वाह निधी आला. साखरेचं पोतं १०० किलोचं होतं, ते ५० वर आलं. ५० हा आकडा आकाशातून पडलेला नाही, माणसांनी भांडून मिळवलाय, आणि मला त्याचा आदर आहे. पण ५० म्हणजे सुरक्षित, असा अर्थ कुणी काढू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये पुरुषांसाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. ती 'याच्या वर नकोच' अशी रेघ आहे. तिच्या खाली सगळं ठीक आहे, असं ती सांगत नाही.

ताई, आता तुमच्याकडे येते. माझ्या पहिल्या पाहणीत तुम्ही नव्हतात. मी 'ओझं' शोधत होते आणि तुम्ही ओझं उचलत नव्हतात. पुढच्या खेपेला मी कागदावर माणसाची आकृती काढली, समोरून आणि पाठीमागून, आणि सगळ्यांना टिकल्यांची पाकिटं दिली. जिथे दुखतं तिथे टिकली लावा. पुरुषांच्या टिकल्या कंबरेवर आणि खांद्यावर आल्या. तुमच्या कागदावर गुडघे, मान आणि उजवं मनगट लाल झालं होतं. सहा-सात तास उकिडवं बसायचं, मान खाली, हातात चाळणी. वजन फार नाही, पण शरीर एकाच घडीत अडकलेलं. त्यावर उपाय तुमच्यातल्याच एका मावशींनी सांगितला. चाळणी दोरीनं आढ्याला टांगायची आणि बसायला वीतभर उंच पाट घ्यायचा. दोरी आणि पाट, खर्च तेवढाच.

एका मुकादमांनी मघाशी विचारलं, कामात मधेमधे विश्रांती घ्या असं तुम्ही लोक सांगता, पण मजुरी नगावर आहे, थांबलो तर पोट कसं भरायचं? प्रश्न अगदी रास्त आहे. मजुरी नगावर असेल तर घाई हा कामाचाच भाग होतो, आणि घाईत पीळ बसतो, पाय सरकतो. म्हणून विश्रांती माणसावर सोडू नका. टोळीत कामं फिरती ठेवा. ट्रकवर ओढणारा, वाहणारा, रचणारा, गाडीगणिक बदला. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, टोळीत सारखी वाटली जाते तिथे यात कुणाचं नुकसान नाही.

आणि एक गोष्ट घाईनं सांगते, पण ती विसरू नका. कंबरेत उसण भरली तर बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत उतार पडतो, हलकं काम चालू ठेवलेलं बरं. पण पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिर वाटलं, लघवी अडली, तर मालिशवाल्याकडे नाही, बामही नाही. त्याच दिवशी मोठं इस्पितळ.

शेवटी एका ढकलगाडीचं सांगते. एका व्यापाऱ्यानं मनापासून दोन ढकलगाड्या आणल्या. महिनाभरानं मी गेले तर दोन्ही साखळीनं बांधलेल्या. ते म्हणाले, हमालांना सवयच नाही, पाठीवरच घेतात. मी गाडीवर चार कट्टे ठेवले आणि ढकलत निघाले. गाळ्याच्या उंबऱ्याला चाक अडलं. उंबरा १० सेंटिमीटरचा. हमालांनी ती गाडी पहिल्याच दिवशी चौघांनी उचलून आत नेली होती, भरलेली. नंतर कोण हात लावणार? व्यापाऱ्यांनी गवंडी बोलावला, उंबऱ्याला उतार करून घेतला आणि समोरचा खड्डा बुजवला. पुढच्या वेळी साखळी निघालेली होती आणि गाडीच्या दांड्यावर कुणीतरी आपला गमछा वाळत घातला होता.

टेप मी सोबत आणली आहे. पहिली गाडी पहाटे पाचला लागते म्हणालात ना? मी येते. ओट्याची उंची, ट्रकच्या फाळक्याची उंची आणि उंबरा, एवढं आधी मोजू.