बीपच्या आधी

[दृश्य: इंदूर, सकाळचे साडेसहा. बॅडमिंटन हॉलचं शटर वर जातं.]

आज इथे प्रॅक्टिकल शूटिंगची, म्हणजे धावता धावता नेम धरण्याची स्पर्धा आहे, म्हणून या तीन कोर्टांवरची नेट उतरतील. एकेक कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद, म्हणजे एकेक स्टेज, टार्गेट आणि आडोसे मांडलेला स्पर्धेचा एक टप्पा, त्यात आरामात बसते. बंदुका एअरसॉफ्टच्या आहेत. गॅसवर चालणारी पिस्तुलं, आणि ६ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा छर्रा.

नेमबाजी या भागाला नवी नाही. जवळच महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. तिथे तयार झालेल्या विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं रौप्यपदक घेतलं. त्या प्रकारात नेमबाज जागचा हलत नाही. इथे तो धावतो, आडोशाआडून डोकावतो, पळता पळता छर्रे आणि गॅस भरलेलं मॅगझिन बदलतो. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी १९७६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात स्थापन झाली. एअरसॉफ्टच्या प्रकाराला तिच्या नियमांत ॲक्शन एअर म्हणतात.

[दृश्य: उघडी बॅग, आत काळं पिस्तूल.]

चार पावलांवरून हे पिस्तूल खरंच वाटतं. म्हणून पोलीस ठाण्याशी लेखी व्यवहार सगळ्यात आधी: तारीख, जागा, बंदुकांची यादी, जबाबदार माणसाचं नाव. तो कागद हातात येईपर्यंत हॉलचा ॲडव्हान्ससुद्धा देऊ नये. बिल आणि कागदपत्रं नसलेली बंदूक यादीत घ्यायची नाही. दारापर्यंत ती बंद बॅगेत येते आणि बंद बॅगेतच परत जाते.

[दृश्य: दोरीवर ताडपत्री टांगली जातेय.]

तिन्ही स्टेजचा मारा एकाच भिंतीकडे. समोरासमोर मांडणी कधीच नाही. भिंतीपुढे ताडपत्री, पण ताणून बांधली की ती ढोलासारखी वाजते आणि छर्रा परत फेकते. ती सैल, चुण्या पाडून टांगायची, खालची कड मोकळी सोडायची. तिच्यापुढे हातभर अंतरावर जुन्या चादरीचा दुसरा पडदा. छर्रा चादरीत दम तोडतो आणि खाली पडतो. खाली चादरीचीच झोळी केली, तर तो जमिनीवर घरंगळत नाही. लाकडी फरशीवर असे वीस-पंचवीस छर्रे आणि त्यावर धावणारा खेळाडू... या खेळातला पहिला मुका मार बहुधा घोट्यालाच बसतो.

टार्गेटचा कागद नुसता लटकवला तर छर्रा भोक पाडत नाही, फाडतो. मग रेषेच्या आत की बाहेर, यावर वाद. कागद एकपदरी पुठ्ठ्यावर सगळीकडून चिकटवायचा. जाड पुठ्ठ्यावरून छर्रा उसळतो आणि नुसता ठसा उरतो. पत्र्याची टार्गेट ठेवायची असतील तर लांब, आणि किंचित खाली झुकवून.

गॉगल मात्र सगळ्यांना. खेळाडूला, अधिकाऱ्याला, कॅमेरावाल्याला, चहाची किटली घेऊन आलेल्या पोऱ्यालाही. पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी बंद असलेला. नंबरचा चष्मा चालत नाही, तो गॉगलच्या आत घालायचा. जाळीचा गॉगलही नको, कारण फुटलेल्या छर्र्याचा कण जाळीतून आत जातो.

[दृश्य: क्रोनोग्राफचा, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा आकडा.]

०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाला, की त्याची ऊर्जा होते १ जूल. आजची मर्यादा तीच. ज्या वजनाच्या छर्र्याने खेळायचं, त्यानेच मोजणी. हलक्यावर मोजून जड भरणारा महाभाग दर स्पर्धेत एक तरी भेटतो. गॅस पिस्तुलात जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, गॅस त्याला जास्त वेळ ढकलतो आणि ऊर्जा वाढते.

हवामानाचाही हात आहे. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन. त्याचा दाब २० अंशांना साधारण ८ बार, तर ४० अंशांना १३ च्या पुढे. जानेवारीत सकाळी या मोजणीत नापास होणारं पिस्तूल नसतंच, उलट स्लाइडच, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पुरती मागे जात नाही आणि पुढचा छर्रा चढत नाही. मॅगझिन खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचं, हीटरवर कधीच नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली उलटं: सकाळी ०.९ जूल दाखवणारं पिस्तूल दुपारी मर्यादा ओलांडतं. म्हणून मोजणी दोनदा.

[दृश्य: अधिकाऱ्याच्या हातात टायमर.]

"आर यू रेडी? स्टँडबाय." त्यानंतर १ ते ४ सेकंदांत बीप. ठरावीक अंतराने वाजवलीत तर पोरं आधीच हात टाकतात.

शॉट टायमर आवाज ऐकून वेळ नोंदवतो, आणि तो बनलाय खऱ्या बंदुकीच्या धमाक्यासाठी. एअरसॉफ्टचा आवाज त्याच्यापुढे टाळीएवढा. संवेदनशीलता कमी ठेवली तर शेवटची गोळी टायमरच्या नोंदीतून निसटते आणि खेळाडूला फुकटचा अर्धा सेकंद मिळतो. वाढवली तर शेजारच्या कोर्टवरची गोळी याच्या खात्यात. म्हणून स्टेजच्या मध्ये गाद्या उभ्या करायच्या, शेजारी गोळ्या झाडायला लावून आपला टायमर गप्प राहतो का ते बघायचं, आणि खेळताना तो पिस्तुलाच्या जवळ, थोडा मागे धरायचा. बारा गोळ्यांच्या स्टेजवर टायमरने तेरा मोजल्या तर आकडा वाचू नका, आधी विचारा.

[दृश्य: गुणपत्रक.]

गुण भागिले वेळ, हा हिट फॅक्टर. टार्गेटच्या मधल्या ए भागाला ५, त्याबाहेरच्या सी ला ३, कडेच्या डी ला १, चुकली तर वजा १०. सहा टार्गेट, प्रत्येकी दोन गोळ्या. एकाने बाराही ए मारले: ६० गुण, १० सेकंद, फॅक्टर ६.००. दुसऱ्याचे आठ ए, चार सी: ५२ गुण, पण ८ सेकंदांत. फॅक्टर ६.५०. स्टेज दुसऱ्याची. त्याला पूर्ण ६०, पहिल्याला त्या प्रमाणात ५५.३८. हे प्रेक्षकांत बसलेल्या काका-मावशींना फळ्यावर एकदा मांडून दाखवा, नाहीतर "सगळे मधोमध लागले, मग हरला कसा?" दिवसभर चालतं.

आठ जणांचा एक गट, असे तीन गट. निकाल आणि टार्गेटच्या भोकांवर पट्ट्या चिकटवणं धरून माणशी तीन मिनिटं, गटाला अर्धा तास. कागदावर दीड तास, प्रत्यक्षात अडीच. मध्ये पोहे-जिलबी, अर्थात हॉलबाहेर. पाकाचं बोट मॅगझिनच्या ओठाला लागलं, की पुढची स्टेज अडकलीच समजा.

[दृश्य: वाळूची बादली.]

खऱ्या पिस्तुलाची स्लाइड ओढली की आतलं काडतूस बाहेर पडतं. यात पडत नाही. मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, "क्लिअर" म्हटलं, तरी एक छर्रा नळीच्या मागच्या टोकाच्या रबरात अडकून राहू शकतो. घरी गेल्यावर गॅसचं मॅगझिन लावून चाप ओढला की तोच सुटतो. म्हणून दारापाशी वाळूची बादली असते. छर्रे काढलेलं, पण गॅस असलेलं मॅगझिन लावायचं, नळी बादलीत, दोनदा चाप.

फट्. फट्.

आणि मग वाळूत बघायचं.