आखाजीच्या आधी बंगईला रंग

श्रोतेहो, नमस्कार. आखाजी, म्हणजे आपली खान्देशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. लेकी माहेरी येतील, गौराई बसेल, सांजोऱ्या तळल्या जातील, आणि वर्षभर कपडे टाकायला वापरलेली बंगई, म्हणजे घरातला फळ्यांचा झोपाळा, झाडूनपुसून मोकळी होईल. कड्यांना तेलाचं बोट लागतं, पण फळीकडे कोणी बघत नाही. ती विटलेली, ओरखडलेली, तशीच राहते. आज त्या फळीविषयी बोलतो. तिला वूड स्टेन द्यायचा, घरच्या घरी, हातानं, फडक्यानं.

मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवतो: रंग चोळायचा आणि पुसायचा. ऑइल पेंट लाकडावर थर धरतो आणि त्याच्या रेषा झाकून टाकतो. स्टेन लाकडात मुरतो, त्यानं रेषा उलट खुलतात. जेवढा मुरला तेवढा आपला. वर राहिलेला चिकट होतो, नीट वाळत नाही, आणि बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतो. म्हणून चोळा आणि पुसा.

फडकं जुनं, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. धोतराचा तुकडा असेल तर फारच छान. टेरिकॉटचं कापड रंग नीट शोषत नाही, नव्या टॉवेलचे तंतू फळीला चिकटतात. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, एका पातेल्यासाठी घरातली सगळी सुती लुगडी-धोतरं भांडेवालीला देऊन टाकू नका. आपण कापूस पिकवणारी माणसं. गोधडीला, बाळाच्या दुपट्याला, पुसायला जुन्या सुतासारखं दुसरं काही नाही, आणि आता हे कापड घरात शोधूनही सापडत नाही.

आता अमळनेरची गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातलं घर. माजघरात तीन फळ्यांची सागाची बंगई, पितळी कड्यांची. तिची पुढची फळी चिरली होती. सुतारानं नवी सागाची फळी बसवली, पण जुन्या दोन फळ्या गडद, काळसर तपकिरी, आणि ही पिवळट. आखाजीला लेक यायची होती. घरातल्या मुलांचं म्हणणं, मशीननं फवारा मारा, तिन्ही फळ्या एकसारख्या काळ्या करून टाका. मोठी माय मात्र ऐकेना. तिनं पॉलिशवाल्या आप्पांना बोलावलं. आप्पा वयानं थकलेले, हात मात्र स्थिर.

आप्पांनी बंगई उतरवली, उलटी केली, आणि नव्या फळीच्या खालच्या अंगाला, जिथं कोणाची नजर जाणार नाही तिथं, तीन वेगवेगळ्या रंगांचे ठिपके दिले. चोळले, पुसले, वाळू दिले. मग ते ठिपके ओट्यावर उन्हात पाहिले, माजघरात सावलीत पाहिले, आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर पुन्हा पाहिले. तोवर वरच्या बाजूला रंगाचा थेंब नाही. मुलं वैतागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी बंगई सरळ केली आणि मोठ्या मायला विचारलं, "आठे कोन बसे व माय?" म्हणजे, इथं कोण बसतं?

मोठी माय पुढं आली. डाव्या कडीजवळ हात ठेवून म्हणाली, "आठे मन्ही जागा शे." उजवीकडे तिचे मालक बसायचे, एक हात कायम कडीवर. मधे पोरंसोरं.

आप्पा त्या जुन्या फळ्या बोटांनी चाचपत होते. कड्यांजवळ वर्षानुवर्षं हात लागून लाकूड जास्त गडद झालेलं, मधे बसूनबसून घासलेलं, उजळ. श्रोतेहो, त्या माणसानं नव्या फळीवर तेच उतरवलं. आधी सगळ्या फळीला एक पातळ हात, आणि लगेच पुसलं. वाळल्यावर दोन्ही टोकांना बोटाला फडकं गुंडाळून दुसरा हात, दाबून, जिरवून. मधला भाग तर पहिला हात ओला असतानाच टर्पेंटाइननं ओलसर केलेल्या फडक्यानं उचलून हलका केला होता. गडद कुठं संपलं आणि उजळ कुठं सुरू झालं, सांगता येऊ नये, इतकं ते एकमेकांत मिसळलं होतं. ब्रशनं हे झालं नसतं. बोटाला लाकूड कळतं, ब्रशच्या केसांना कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

लेक आली. पाणी पिऊन बंगईवर बसली. भावानं विचारलं, "ताई, यातली नवी फळी कोणती, ओळख." तिनं वाकून पाहिलं, तिन्ही फळ्यांवरून तळवा फिरवला आणि बोट ठेवलं मधल्या फळीवर! ती तर तिच्या आजोबांच्या वेळची. आप्पा पैसे घ्यायला आले होते, दारात उभे होते. मोठी माय त्यांना म्हणाली, आधी जेवा, मग पैशांचं बोलू.

आखाजीचे झोके पूर्वी कडुलिंबाच्या फांदीलाही असायचे. आता गावात झोका बांधण्याजोगा लिंब शोधावा लागतो. या पावसाळ्यात एक लावाच.

असो, वेळ थोडा उरलाय. फळी आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, मग १८० नंबरनं, रेषांच्या दिशेनं. आडवं घासाल तर प्रत्येक ओरखडा रंग पिऊन काळा दिसेल. साग तेलकट असतो, म्हणून रंगाआधी थिनरचं फडकं फिरवून घ्या. फळीची कापलेली टोकं रंग जास्त पितात, तिथं कमी लावा. आपल्याकडे या दिवसांत पारा ४२-४४ ला जातो, दुपारी रंग पुसायच्या आतच सुकतो आणि पट्टे उमटतात. काम सकाळी करा, सावलीत करा, एका वेळी एकच फळी घ्या. चोळा आणि पुसा. स्टेन नुसता रंग देतो, राखण करत नाही. तो पूर्ण वाळल्यावर वरून पॉलिशचे दोन हात हवेतच.

शेवटचं, आणि हे लक्ष देऊन ऐका. पुष्कळ स्टेनमध्ये जवसाचं किंवा तसलंच वाळणारं तेल असतं. ते वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांनी तो बोळा आपोआप पेटू शकतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम झालं की प्रत्येक फडकं उलगडून, वेगवेगळं, अंगणात दोरीवर टाका. कडक वाळलं की मगच कचऱ्यात. लगेच टाकायचं असेल तर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा आणि झाकण लावा. पुन्हा सांगतो, बोळा करायचा नाही, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ तर मुळीच ठेवायचा नाही. फडकी उलगडा आणि वाळवा.