रात्री तीन वाजता
(वेंगुर्ल्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कौलांवर पाऊस असा वाजतोय की मागे ऐकू येत नसेल तर पुढे सरकून बसा. पत्रिकेत विषय ‘भ्रामक द्रव्ये आणि मृत्यूभय’ असा छापलाय. त्यामुळे कुणी काही चाखायला मिळेल म्हणून आला असेल, तर तो निराश होईल.

या किनाऱ्यावर मी तीस वर्षं प्रॅक्टिस केली. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर. मिशरी, तंबाखू, दुसरं काय. त्यातला एक म्हातारा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा. दुखणं औषधाने आटोक्यात होतं. पण रात्री तीनच्या सुमाराला तो उठून बसायचा आणि मुलाला विचारायचा, “किती वाजले रे?” दहा मिनिटांनी परत तेच. मला म्हणाला, “डॉक्टरांनू, दुखणा सोसतंय मी, पण ही रात सोसणा नाय.” मी झोपेची गोळी वाढवली. झोप लागली. भीती मात्र खाटेच्या कडेला बसून राहिली, सकाळी डोळे उघडले की भेटायची.

पुढे 2016 साली अमेरिकेतले दोन अभ्यास एकदमच छापून आले, तेव्हा मला तोच आठवला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रोलंड ग्रिफिथ्स यांनी 51 कॅन्सरग्रस्त घेतले, न्यूयॉर्क विद्यापीठात स्टीफन रॉस यांनी 29. औषध सायलोसायबिन, भास घडवणारं द्रव्य. काही जातींच्या अळंब्यांत असतं ते. अल्बर्ट हॉफमन यांनी 1958 मध्ये ते वेगळं काढलं. एलएसडी हे तसंच भास घडवणारं द्रव्य बनवणारेही तेच. सोफ्यावर आडवं व्हायचं, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, शेजारी दोन जाणकार माणसं पाच-सहा तास बसलेली. त्याआधी कित्येक तास नुसतं बोलणं. आपल्याकडे पाच मिनिटांत पेशंट उरकतो आम्ही!

आणि सूचना काय? भयंकर काही दिसलं तर पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड करायचं आणि विचारायचं, तू इथे कशाला आलास? माझ्या गोळीचं काम याच्या अगदी उलट होतं. ती भीतीला झाकायची, इथे माणसाला तिच्यातून पार नेतात. समुद्राच्या ओढीत सापडलेल्याने थेट किनाऱ्याकडे हातपाय मारायचे नसतात, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पुष्कळांना त्या तासांत ‘मी’ची कड विरघळल्यासारखी वाटली. हॉपकिन्समध्ये सहा महिन्यांनंतरही सुमारे 80 टक्के लोकांची चिंता आणि नैराश्य लक्षात येण्याइतकं उतरलेलं होतं. एका मोठ्या डोसवर! आपल्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात.

आता डॉक्टर म्हणून माझी कुरकुर. न्यूयॉर्कमध्ये तुलनेसाठी काहींना फसवं औषध म्हणून नायसिन हे जीवनसत्त्व दिलं. त्याने चेहरा लाल होतो, अंग गरम होतं. पण भिंती श्वास घेताना दिसल्या की कुणालाही कळतं आपल्याला काय मिळालंय. शिवाय पुढे सगळ्यांनाच खरं औषध मिळालं, मग सहा महिन्यांनी तुलना करणार कुणाशी? त्यात माणसं थोडी आणि स्वतःहून आलेली. घरात वेडाच्या आजाराचा इतिहास असलेल्यांना तर वगळलंच होतं. म्हणून मी याला ‘सिद्ध झालं’ म्हणत नाही. पण फेकूनही देत नाही. ग्रिफिथ्स स्वतः 2023 मध्ये कॅन्सरनेच गेले.

आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने हे द्रव्य बंद आहे. आणि पावसाळा आहे म्हणून सांगतो, रानात प्रयोग करू नका. वारुळावरची ओळखीची अळंबी सोडली तर विषारी जाती कमी नाहीत. काहींचं विष सहा-बारा तास गप्प बसतं, मग उलट्या-जुलाब, आणि दोन-चार दिवसांत यकृत जातं. तोवर माझ्यासारख्याच्या हातात काही उरत नाही.

आमच्या म्हाताऱ्याला यातलं काही मिळालं नाही, मिळणंही शक्य नव्हतं. त्याच्या मुलाने आपल्या परीने एक केलं. रात्री जाळ्याची दोरी बापाच्या मनगटाला बांधायची, दुसरं टोक स्वतःच्या. म्हातारा जागा झाला की नुसती ओढायचा. इकडून ओढ परत जायची. वेळ विचारणं बंद झालं. दोरी नायलॉनची, मनगट सोलवटायचं. म्हणून मी तिच्यावर बँडेज गुंडाळून दिलं.