रापी धरता येणारा कुणी असेल तर पाठवा

श्रोतेहो, नमस्कार आणि जय ख्रिस्त.

दिवाळीच्या सुट्टीत परदेशी सेवेला जाणाऱ्यांची नावं सध्या पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये घेतली जाताहेत. कुणी नेपाळला, कुणी श्रीलंकेला, कुणी थेट केनियाला. उपासना संपली की देवळाच्या आवारात चहाच्या टेबलाशेजारी वही ठेवलेली असते. कॉलेजातली मुलंमुली, नुकतेच निवृत्त झालेले कुणी काका, नर्सिंग केलेली एखादी ताई त्यात नाव लिहितात. दहाबारा दिवसांची ही सेवा. जे जाणार आहेत त्यांच्याशी, आणि ज्यांच्या घरातून कुणी जाणार आहे त्यांच्याशीही मला आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

सांगायची गोष्ट एकच आहे. ती मी मधूनमधून पुन्हा सांगेन, कारण रेडिओ ऐकताना कुणाच्या हातात फोडणीची कढई असते, कुणी पोराचा डबा भरत असतं. गोष्ट अशी: जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, तुम्हाला काय हवंय? आणि तो सांगेल ते काम करा.

मिशन हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस आले, १८९४ मध्ये त्यांनी रुग्णालय काढलं आणि जवळपास चाळीस वर्षं तिथल्या कामाला दिली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये परदेशातून कितीतरी बायका मदतीला आल्या. पण काम ठरवणारी बाई आपली होती, मराठी होती. छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा, सगळा कारभार रमाबाईंच्या नजरेखाली चाले. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, आणि ते केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं. दुरून आलेल्या शिकल्यासवरल्या बायका तिथं एका मराठी बाईच्या हाताखाली राबल्या. मला हे फार मोठं वाटतं. आपल्या तरुण संघातल्या प्रत्येकाला एकदा तरी केडगाव दाखवून आणावं, मगच पासपोर्टचा अर्ज भरू द्यावा, असं माझं मत आहे.

आता कायद्याचं एक. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेनं दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे. २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि माणूस परदेशी असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. कुणी उत्साहानं चौकात पत्रकं वाटली तर तो स्वतः एखादे वेळी सुटून, गाडीत बसून, सीमेअलीकडे गोरखपूरला परत येईलही. पोलीस चौकीवर खेटे घालायला लागतील ते तिथल्या पाळकांना. म्हणून पत्रकं नेऊ नका. आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आजारी माणसाची जखम धुताना त्याच्याकडून कबुली मागायची नसते. सेवा करायची ती सेवा म्हणून.

फोटोंचंही सांगते. परक्या देशातल्या लेकरांना कडेवर घेऊन काढलेले फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. आपल्या नातवाचा फोटो कुणी अनोळखी माणसानं न विचारता काढून जगभर पाठवला तर आपल्याला चालेल का?

आता मला जी हकिकत सांगायची आहे तिच्याकडे येते.

नेपाळच्या तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, एक कुष्ठरोग रुग्णालय आहे. आमच्या पाळकसाहेबांनी तिथं पत्र टाकलं होतं: आमच्यातले काही जण येऊ इच्छितात, तुम्हाला कशाची गरज आहे? उत्तर आलं चार ओळींचं. प्रवचनाला माणसं आहेत, गाणारी आहेत, मुलांचे खेळ घेणारी तर वरचेवर येतात. चपला करणारा मात्र एकच आहे आणि त्याच्यापुढे रांग आहे. रापी धरता येणारा कुणी असेल तर पाठवा.

रापी म्हणजे चपला करणाऱ्याचं कातडं कापायचं पातं. पाळकसाहेबांनी हे पत्र उपासनेत वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या माना एका बाकाकडे वळल्या. तिथं आमचे काका बसले होते. भवानी पेठेत त्यांचं चपलांचं छोटं दुकान; वडिलांचाही तोच धंदा. व्यासपीठावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ते म्हणाले, ‘मला मंडळीपुढे विश्वासाची साक्षसुद्धा धड देता येत नाही, मी परदेशी जाऊन बोलू काय?’ काकू शेजारून म्हणाल्या, ‘अहो, बोलायला कुठं बोलावलंय? चपला करायला बोलावलंय.’ झालं. काकांनी रापी, आरी, हातोडी आणि पायाच्या आकाराचे दोन लाकडी फर्मे गोणपाटात गुंडाळले आणि ते आमच्याबरोबर निघाले.

चपलेचं एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. कुष्ठरोगाचे जंतू औषधांनी मरतात. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्या, त्याही फुकट मिळतात. भारतात २००५ मध्ये आणि नेपाळमध्ये २०१० मध्ये हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिला नाही असं जाहीर झालं. म्हणजे दहा हजार माणसांमागे एकाहून कमी रुग्ण. पण औषध उशिरा सुरू झालं तर ज्या नसा गेल्या त्या बहुतेक वेळा परत येत नाहीत. पाय बधिर राहतो. काटा मोडला, खिळा घुसला, चुलीच्या निखाऱ्यावर पाय पडला, तरी कळत नाही. माणूस दिवसभर त्याच पायावर चालतो आणि तळव्याला व्रण पडतो. तो भरतो, पुन्हा फुटतो, शेवटी हाडापर्यंत जातो. म्हणून अशा पायांना रोज पाण्यात भिजवायचं, वजरीनं घासायचं, ओल्या कातडीवर तेल लावायचं, आणि खास चप्पल घालायची. आत एमसीआर नावाचं मऊ, बारीक छिद्रांचं रबर, म्हणजे भार सगळ्या तळव्यावर सारखा पडतो. खाली टायरसारखं कडक रबर, म्हणजे काटा आत येत नाही. मागं पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल गळून पडली तरी माणसाला पत्ता लागत नाही. आणि खिळा एकही नाही. ध्यानात ठेवा, खिळा एकही नाही.

तिथला कारागीर स्वतः त्या रुग्णालयाचा जुना रुग्ण. सगळे त्याला दाजू म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ. आजार बरा झालेला, पण बोटं आखडलेली आणि बधिर. रापीला त्यानं रबराची जाड मूठ बसवून घेतली होती, म्हणजे पकडही बसते आणि तळहाताला फोडही येत नाहीत. सुरुवातीला काकांनी फक्त रबर कापलं. दाजू रुग्णाच्या पायाचा ठसा कागदावर काढून द्यायचे, काका त्या मापाचा तुकडा कापायचे. भवानी पेठेत ज्यांच्या हाताखाली पोरं शिकली, ते काका एका अनोळखी माणसाच्या हाताखाली गोणपाटावर मांडी घालून बसले. तो सांगेल ते काम करायचं म्हणजे हे.

मग काकांनी पहिला पूर्ण जोड केला. सवयीनं पट्ट्याच्या मुळाशी दोन बारीक खिळे ठोकले. आपल्याकडे बाळाच्या आंघोळीचं पाणी आई कोपर बुडवून बघते, तसं दाजू प्रत्येक तयार चपलेचा तळ कोपराजवळच्या कातडीनं चाचपून बघायचे, कारण बोटांना कळत नव्हतं. चाचपता चाचपता ते थांबले. पक्कड मागितली, दोन्ही खिळे उपसले आणि काकांच्या हातावर ठेवले. म्हणाले, ‘भाई, कील नहीं.’ काकांनी मान डोलावली आणि पट्टा शिवून काढला. त्यानंतर खिळ्यांचा डबा त्यांनी पिशवीतून बाहेर काढला नाही.

दोनेक दिवसांनी एक म्हातारी आल्या. सगळे त्यांना आमा म्हणत होते. पायाला फडकं बांधलेलं, अंगठ्यामागच्या गादीवर रुपयाएवढा व्रण. आमच्यातल्या निवृत्त नर्सबाईंनी मलमपट्टी केली आणि विचारलं, मागच्या वेळी दिलेली चप्पल कुठं आहे? आमांनी पिशवीतून काढून दाखवली. कोरी करकरीत. काळी, जाड, दोन मोठ्या बकलांची. आमांचं म्हणणं असं की ही घालून हापशीवर गेलं की बायका बाजूला होतात. अशी चप्पल कुणाला मिळते ते गावात सगळ्यांना माहीत आहे. व्रण झाला तरी चालेल, पण ही घालणार नाही.

श्रोतेहो, आपण यावर फार नाक मुरडू नये. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येईल, ही तरतूद आपल्या देशाच्या कायद्यांत, ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातसुद्धा, २०१९ पर्यंत होती. प्रत्येक मंडळीत ही गोष्ट एकदा मोठ्यानं वाचायला हवी.

तर काका ती काळी चप्पल बराच वेळ उलटीपालटी करत बसले. मग दाजूंना घेऊन बाजारात गेले. तिथल्या बायका काय घालतात ते बघितलं आणि लाल पट्ट्यांची, वर फूल असलेली एक सँडल विकत आणली. रुग्णालयातल्या दाजूंच्या दुकानात परत आल्यावर ती रापीनं सांध्यासांध्यातून उकलली आणि पुठ्ठ्यावर तिचे नमुने कापून घेतले. आतला मऊ थर तसाच जाड ठेवला, पण त्याच्या कडेवर लाल रेक्झिन चढवलं, म्हणजे बाहेरून रबर दिसू नये. बकल काढून टाकलं. आमांच्या बोटांना बकल लागणारच नव्हतं, म्हणून दाजूंनी तिथं वेल्क्रो सुचवलं आणि वेल्क्रोवर ते फूल बसवलं. कुठं शिवायचं, कुठं चिकटवायचं, यावर दोघांची हिंदीत, नेपाळीत, मराठीत अखंड चर्चा. शेवटी दाजूंचं कोपर तळावरून फिरलं आणि ते म्हणाले, ‘हुन्छ.’ म्हणजे चालेल.

आमांनी चप्पल घातली. दोन पावलं चालल्या, खाली बघितलं, पुन्हा चालल्या. मग विचारलं, ‘कति?’ किती झाले? काका दोन्ही हात हलवून नको नको म्हणायला लागले. दाजूंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि जरा कडक आवाजात म्हणाले, ‘लेना.’ काकांनी घेतले. आमांनी पदराची गाठ सोडून मोजून दिलेले ते पैसे दाजूंनी दुकानाच्या डब्यात टाकले. फुकट मिळालेली चप्पल आमांनी पिशवीत ठेवली होती, विकत घेतलेली घालून त्या दारातून बाहेर पडल्या.

शनिवारी आम्ही तिथल्या उपासनेला गेलो. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून तिथली मंडळी शनिवारी जमते. लिपी आपलीच, देवनागरी, त्यामुळे त्यांच्या गीतांच्या वहीतून आम्हालाही गाता आलं. मग त्यांनी आम्हाला एक मराठी पद म्हणायला सांगितलं. आमच्या तरुण पोरांना पहिल्या कडव्यापुढे येईना. सगळी कडवी काकांनी म्हटली. पडद्यावर शब्द दाखवायची पद्धत आल्यापासून कुणाला पदं पाठ राहिलेली नाहीत, हे मी कधीपासून म्हणते आहे. पाठ असलेलं पद परमुलखात उपयोगी पडतं.

आम्ही परत निघालो तेव्हा आमांचा व्रण भरलेला नव्हता. अशा जखमांना आठवडे लागतात आणि तोवर पायाला विश्रांतीही लागते. काका नमुन्यांचे पुठ्ठे, दोन्ही फर्मे आणि आरी तिथंच ठेवून आले. पुढे दाजूंचा फोन आला. आमांचा पाय भरला होता. आणि त्यांच्या गावातली एक बाई, जिला हा आजार कधी झालेला नाही, ती विचारत होती की ही लाल चप्पल कुठल्या दुकानात मिळते. दाजूंनी नमुन्यात बदलही केला होता: थंडीत बायका मोजे घालतात म्हणून पट्टा रुंद केला. काकांना हे इतकं आवडलं की दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ते रुंद पट्ट्याची गोष्ट सांगत होते. नमुना आता दाजूंचा झाला होता. पाहुणा गेल्यावर काम बंद पडलं नाही, ते तिथल्या माणसाच्या हातात गेलं.

ज्यांनी वहीत नाव लिहिलं आहे त्यांच्यासाठी आता थोडं व्यवहाराचं. आपली गाडी गोरखपूरपर्यंत जाते, पुढे रस्त्यानं सुनौलीची सीमा. व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांना तिथं आधार कार्ड चालत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. जखमांचं काम करणार असाल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना दाखवून घ्या. चॉकलेटं वाटायला नेऊ नका. त्या पैशांत रेक्झिन, चिकटवायचं सोल्यूशन, सुया, जे मागितलं असेल ते न्या.

आणि तारखा आपल्या सोयीनं ठरवू नका. पावसाळ्यात डोंगरातले रस्ते दरडींनी बंद होतात, म्हणून बहुतेक तुकड्या दसरा-दिवाळीच्या सुट्टीत निघतात. पण तेव्हाच तिथं दशैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा आणि दिवाळी, असतात. कर्मचारी आपापल्या गावी जातात, रुग्णालयात माणसं अपुरी असतात. काही ठिकाणी त्यामुळेच तुमची गरज असेल. काही ठिकाणी तुम्हाला काम दाखवायलासुद्धा कुणी जागेवर नसेल. पत्रात हा प्रश्न सगळ्यात आधी लिहा, आणि उत्तर आल्याशिवाय तिकिटं काढू नका.