आडनाव खाली ठेवून आलो

नमस्कार मंडळी. मागं ऐकू येते न? बरं. पत्रिकेत विषय छापला आहे "डोंगरवाटेवरची अनोळखी माया". हे नाव मी दिलेलं नाही, वाचनालयाच्या सेक्रेटरींनी दिलं, मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की महादेवाला पायी गेलो होतो त्यावर बोलीन. पंचेचाळीस मिनिटं दिली होती, त्यातली वीस सत्कारात गेली, म्हणजे नारळ मला भेटला आणि वेळ त्यांना. असो.

महादेव म्हणजे कोणता हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पुण्याला सांगावं लागते. तिथं माझा भाचा आहे, आयटीत, तो म्हणे मामा, ट्रेक केला होता का तुम्ही? म्हटलं ट्रेक कायचा रे, वरूडहून पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला पायी गेलो होतो. तर त्याचा पहिला प्रश्न, शूज कोणते होते? आता शूजचीच तर सगळी गोष्ट आहे.

1993 ची महाशिवरात्र. मृग बहाराचा तोडा चालू, घरी माणूस पुरत नाही, आणि मी बापाला सांगून राह्यलो की महादेवाला चाललो. बाप काही बोलला नाही, नुसता संत्र्याच्या ढिगाकडं पाहून राह्यला, ते बोलण्यापेक्षा वाईट. चौघं निघालो. मी नवीन कॅनव्हासचे बूट घेतले होते, पांढरे, पीटीचे. आमच्यातला एक तेव्हाच म्हणाला, अबे, लांब जायचं तर जुनी वहाण पाहिजे. ऐकतो कोण.

पहिला मुक्काम पांढुर्ण्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच पांढुर्णावाले आणि पलीकडचे सावरगाववाले जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांची डोकी फोडतात, गोटमार, तुम्ही पाहिली असेल. त्याच गावातल्या एका बाईनं आम्हाला ओसरी झाडून दिली आणि भाकर-झुणका घातला. फक्त दारातच विचारलं, आडनाव काय तुमचं? सांगितलं. जमलं बुवा. हे लक्षात ठेवा, मी परत येतो याच्यावर.

मग आडमार्गानं जुन्नारदेव. तिथली ती पहिली पायरी, तिथून महादेवाचा डोंगर सुरू होतो असं जुने लोक मानतात. आणि तिथून एक गंमत होते. पुढं कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. चल भगत. बस भगत. पाणी घे भगत. पोरगा असो, म्हातारा असो, बँकेतला साहेब असो, भगतच. आणि मागून कोणीतरी ओरडते, एक नमन गौरा पारबती, हर बोला, की सगळी रांग, हर हर महादेव! पोळ्यात झडतीचं गाणं संपलं की आपण हेच ओरडतो, पण पोळ्यात कोणाचा बैल तोरणाखाली पुढं उभा राहील याच्यावर भांडणं होतात. डोंगरावर पुढं कोण, मागं कोण हा प्रश्नच नसते.

तर तोपर्यंत माझ्या टाचेचे बारा वाजले होते. भुरा भगत नावाचं ठिकाण आहे, त्याच्या पुढं चढ लागतो तिथं डाव्या बुटाचा तळवा सुटला, म्हणजे बेडकासारखं तोंड उघडून चालायला लागला, आणि उजव्या टाचेवर हा एवढा फोड, रुपयाएवढा. सोबतचे पुढं निघून गेले होते. मी एका दगडावर बसलो, रडू नाही आलं, पण तयारी होती.

मागून एक म्हातारा आला. धोतर, खांद्यावर लहानसा त्रिशूळ लाल फडक्यात गुंडाळलेला, पाय अनवाणी. म्हणाला, "काय झालं बे भगत?" पाय दाखवला. त्यानं त्रिशूळ झाडाला टेकवला, थैलीतून सुई काढली, बिडी पेटवली, सुईचं टोक बिडीच्या निखाऱ्यावर धरलं. मग काळा दोरा ओवला, आणि फोडाच्या एका बाजूनं सुई घालून दुसऱ्या बाजूनं काढली, कातडं न फाडता. दोरा आतच ठेवला, दोन्ही टोकं दोन बोटं बाहेर. "दोरा राहू दे. पानी झरते त्याच्यानं." मी पाहून राह्यलो, तो दोरा ओला होत गेला हळूहळू आणि टाचेतला ठणका उतरला.

आता ऐका, मी काय केलं. सुई अजून माझ्या टाचेत आहे, म्हाताऱ्याचा हात माझ्या घाणेरड्या पायावर आहे, आणि मी त्याला विचारतो, बाबा, आडनाव काय तुमचं?

कोणी शिकवलं मला हे? कोणीच नाही. श्वासासारखं आहे आपल्याकडं. एसटीत बाजूला बसलेला विचारते, दवाखान्यात पेशंट विचारते, भाड्यानं खोली पाहायला जा, खोली नंतर, आडनाव पहिले. आणि जोशी-देशमुख-मेश्राम-उईके जे काही सांगाल त्याच्यावरून पुढच्याच्या डोक्यात सगळा हिशेब लागते, कप कोणता द्यायचा इथपर्यंत. हसू नका, तुमच्याही घरी होता तो वेगळा कप.

म्हाताऱ्यानं हात थांबवला. म्हणाला, "ते खालीच ठेवून आलो." मग थैलीत हात घातला. "चपला घेऊन आलो, पाह्यजे त घे." टायरच्या चपला. त्याचा नवस होता, जाताना अनवाणी, चपला परतीसाठी. म्हटलं बाबा, वापस जाताना तुम्ही काय घालाल? "तवाचं तवा पाहू." आणि निघून गेला, हर बोला करत. मी त्या घालून चौरागड चढलो, दोन बोटं मोठ्या होत्या, वर त्रिशुळांचा तो केवढा ढीग, पण त्याचा कोणता ते कसं कळणार.

अध्यक्ष घड्याळ पाहून राह्यले. आलो, मुद्द्यावरच आलो.

मुद्दा असा की अमेरिकेत एक पायवाट आहे, ॲपलाचियन ट्रेल, साडेतीन हजार किलोमीटर, जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, चौदा राज्यांतून. 1921 मध्ये बेंटन मकाय नावाच्या माणसानं कल्पना मांडली, 1937 मध्ये पूर्ण झाली. तिथं वाटसरूंना कोणी खाऊ घालते, गाडीतून गावात सोडते, वाटेत पाणी ठेवून जाते. असं करणाऱ्याला ते ट्रेल एंजल म्हणतात, आणि अशा मदतीला ट्रेल मॅजिक. पण मला वाचताना धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं, तिथं चालणारे आपलं खरं नाव बाजूला ठेवतात आणि ट्रेल नेम घेतात, कोणीतरी ठेवलेलं टोपणनाव, महिनोनमहिने त्याच नावानं वावरतात. मी म्हटलं, अरे, हा तर आपला भगत! म्हणजे माझं म्हणणं असं की मदत डोंगरात जास्त होते ती डोंगरातली माणसं देव असतात म्हणून नाही. नाव सुटलं की हात मोकळे होतात. आपण खाली अन्नदान काय कमी करतो का, पण विचारून.

आता कोणी उठून म्हणेल, सर, पांढुर्ण्याच्या बाईनं तर विचारूनही दिलं. हो. आणि तामियाकडच्या एका गोंडिणीनं न विचारता दिलं, तेही भगत-बिगत काही न म्हणता, रात्री कुटकीचा भात आणि झोपायला कोठ्याशेजारची जागा. ती माझ्या थेअरीत बसत नाही. तिला मी चार संत्री दिली, तिनं खाऊन बिया फडक्यात बांधून ठेवल्या. मी शहाणपणा केला, म्हटलं बाई, बियांचं झाड बरोबर येत नाही, जंभेरीच्या रोपावर डोळा बांधून कलम करावं लागते. ती हसली आणि गाठ अजून घट्ट केली.

दोन मिनिटं, फक्त दोन.

परतताना पांढुर्ण्याला स्टँडवर चहा प्यायला बसलो. टाच बरी, दोरा मी सकाळीच ओढून काढला होता. समोर एक पोरगा येऊन बसला, अंगात ताप, तोंड सुकलेलं, पाठीवर थैली, महादेवाहूनच आलेला दिसला. म्हटलं चहा घे. माझ्या पायात त्या म्हाताऱ्याच्या चपला. पोरानं कप हातात घेतला, आणि माझ्या तोंडातून निघालं, कुठला रे तू, आडनाव काय?