पाणी येणार नाही, एवढंच सांगायची मुभा

नमस्कार, श्रोतेहो.

परवा आपल्या केंद्राच्या फोनवर वस्तीवरच्या एका मावशी बोलल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही रोज सकाळी पाऊस सांगता, बाजारभाव सांगता, पोरांच्या डोसाचा दिवस सांगता. आमच्याकडं नऊ दिवस टँकर नाही. गावठाणात येतो, आमच्या वस्तीवर येत नाही. तेवढं एकदा रेडिओवर सांगा की." मी वहीत वस्तीचं नाव लिहून घेतलं. सांगते, असं मात्र म्हणू शकले नाही. का म्हणू शकले नाही, ते आज बोलणार आहे.

आपल्या देशात रेडिओवरून स्वतः गोळा केलेली बातमी द्यायची मुभा फक्त आकाशवाणीला आहे. खासगी एफएमला नाही, आपल्यासारख्या, गावातल्या संस्थेनं चालवलेल्या सामुदायिक रेडिओ केंद्रालाही नाही. द्यायचीच तर आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी द्यायची, फार तर आपल्या बोलीत भाषांतर करून. खासगी एफएमसाठी 2011 साली जे धोरण निघालं, त्यात कशाला बातमी म्हणायचं नाही याची एक यादी आहे. हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, रस्त्यावरची कोंडी. त्याच यादीत वीज आणि पाणीपुरवठ्याच्या सूचनाही आहेत, पण त्या स्थानिक प्रशासनानं दिलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे उद्या नळाला पाणी येणार नाही, ही झाली सूचना. नऊ दिवस का आलं नाही आणि नेमकं कुणाच्या दारात आलं नाही, ही झाली बातमी. पहिली मी वाचू शकते. दुसरी मावशींनी सांगितली, आणि ती माझ्या वहीतच राहिली.

ही बंदी कुठून आली हे पाहायला गेलं तर आपण थेट 1885 सालात पोचतो. तारायंत्राचा कायदा. त्या काळी रेडिओ जन्मालाही आला नव्हता. पण तारेनं असो की बिनतारी, संदेश पाठवायचा हक्क सरकारचा, ही त्या कायद्याची वृत्ती पुढं रेडिओला आणि मग टीव्हीलाही चिकटली. तिला पहिला मोठा धक्का बसला तो क्रिकेटमुळं. 1993 च्या हीरो कप स्पर्धेचं प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल लागला. निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर मक्तेदारी सरकारची नको आणि पैसेवाल्यांचीही नको, असा त्या निकालाचा गाभा. समाजातल्या सगळ्या थरांचं प्रतिनिधित्व असलेलं एक स्वायत्त प्राधिकरण नेमा आणि या लहरींचं नियमन त्याच्याकडं द्या, असंही न्यायालयानं सांगितलं. ते प्राधिकरण आजही नेमलेलं नाही. टीव्हीवर मात्र शेकडो वृत्तवाहिन्या आल्या. चोवीस तास आरडाओरडा चालतो आणि त्याला कुणी अडवत नाही. एका तालुक्याच्या दहा किलोमीटरच्या टापूत ऐकू येणाऱ्या रेडिओचीच तेवढी भीती का वाटावी, हे मला खरंच कळत नाही.

बातमी न पोचल्यानं काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, खैरलांजी गावी 29 सप्टेंबर 2006 च्या संध्याकाळी एका दलित कुटुंबातल्या चौघांची गावातल्या जमावानं हत्या केली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. वडील तेवढे वाचले. तिथून तीनच दिवसांनी दसरा होता, आणि त्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेचा पन्नासावा वर्धापनदिन. दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमली. खैरलांजी तिथून फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण आंदोलन उभं राहायला नोव्हेंबर उजाडावा लागला. आधीचे कितीतरी दिवस ही घटना कोपऱ्यातल्या बातमीएवढीच होती, आणि त्यातही कुठं कुठं 'अनैतिक संबंधांतून हत्या' असा शिक्का. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं की जातीचा आणि जमिनीचा प्रश्न झाकला जातो. हे झाकण काढलं ते गावोगाव फिरून माहिती घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी, हातोहात वाटलेल्या पत्रकांनी आणि शेवटी रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी.

मला यातली एक तारीख छळते. सामुदायिक रेडिओ गावातल्या संस्थांना चालवता येईल, असं केंद्र सरकारनं ठरवलं ते 16 नोव्हेंबर 2006 ला. विदर्भात मोर्चे निघत होते, संचारबंदी लागत होती, तोच हा महिना. त्याच धोरणात लिहिलेलं होतं की या केंद्रांनी बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचं काहीही प्रसारित करायचं नाही. आवाज दिला, आणि जे सांगायला आवाज लागतो तेवढंच वगळलं.

हे दुखणं नवं नाही. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढलं, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. कागद आणि छापखाना तरी उभा करता येत होता. लहरींसाठी परवाना लागतो, आणि परवान्यावर अट आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा तो बेकायदाच होता. विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीत इंग्रज सरकारच्या फौजेनं काय अत्याचार केले, याची हकीकत त्यांनी त्याच रेडिओवरून देशाला ऐकवली. वर्तमानपत्रांच्या तोंडाला सेन्सॉरचं कुलूप होतं. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं आणि उषाबाईंना चार वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. चिमूरच्या बायाबापड्यांवर काय गुदरलं, ते एका चोरट्या लहरीनं सांगितलं, सरकारी लहरीनं नाही. आज आपलं राज्य आहे. आता तरी हे उजळ माथ्यानं सांगता आलं पाहिजे.

सरकारचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. एवढ्या केंद्रांवर लक्ष कोण ठेवणार, उद्या कुणी द्वेष पसरवला तर काय, असं सरकार म्हणतं. ही भीती खोटी नाही. आफ्रिकेतल्या रवांडात 1994 साली एका खासगी रेडिओनं तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळं म्हणत माणसं मारायला चिथावलं. मी हे विसरा म्हणणार नाही. आणि आपल्या गावात रेडिओचं केंद्र गावच्या पाटलाच्या ओसरीवरच बसणार नाही, याचीही खात्री मला नाही. खैरलांजीत जमाव गावातलाच होता. पण चिथावणीला आपल्याकडं कायदा आहे, तो रेडिओला लावा, टीव्हीला लावा, मोबाइलवरून फिरणाऱ्या विषालाही लावा. टँकरची बातमी बंद ठेवून द्वेष थांबत नाही. तो आता खिशातल्या फोनवरून येतो, त्याला ना परवाना लागतो ना अँटेना. आणि केंद्र कुणाच्या ओसरीवर आहे हा प्रश्न असेल, तर ते चालवणाऱ्या समितीत वस्तीवरच्या बाया किती आहेत, ही अट घाला. बातमी बंद ही अट नको.

या बंदीविरुद्ध 2013 साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. टीव्हीला चालतं ते रेडिओला का नाही, एवढाच साधा सवाल. आपल्यापुरतं मी एवढंच करू शकते की ग्रामसभेत बसते, ऐकते, लिहून घेते, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करायचा हे दर बुधवारी या माइकवरून सांगते. ते चालतं.

मावशी, तुम्ही ऐकत असाल तर येत्या बुधवारी दुपारी बारा वाजता रेडिओ लावा. टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही कुठं असते, ती पाहायला कसं मागायचं, अर्जाला दहा रुपयांचं तिकीट कुठं लावायचं, हे मी सांगणार आहे. तुमच्या वस्तीचं नाव मी घेणार नाही. वहीत मात्र आहे, आणि दिवस मी रोज मोजते. आज अकरावा.